उमरठचा माणूस पडद्यावर

चित्रपटाचा पहिला खेळ नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात असतो. महाड-पोलादपूरकडे वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईत लागलेला चित्रपट आमच्याकडे यायचा तो झिजलेल्या रिळांवर, उभ्या रेघांनी भरून, मधली एखाद-दोन गाणी गाळून. त्याच्या कितीतरी आधी यायचा तो चाकरमानी. गिरगावात नाहीतर लालबागला चित्रपट पाहून गणपतीला गावी आलेला हा माणूस रात्री ओटीवर बसून अख्खी गोष्ट सांगायचा. आणि नुसती गोष्ट सांगून थांबेल तर तो चाकरमानी कसला! अमक्या प्रसंगात घोडा खरोखरच उधळला होता, तमकीच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं, पडद्यावरचा दुष्ट प्रत्यक्षात देवमाणूस आहे, हे सगळं त्याला ठाऊक असायचं. कुठून ठाऊक, हे विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे आमच्याकडे क्रमच उलटा: आधी किस्सा, मग नशिबात असेल तर चित्रपट.

आमच्याच भागातल्या एका माणसावर शंभर वर्षांपूर्वी निघालेल्या चित्रपटाचं तर नशीबही संपलं आहे. त्याचे किस्सेच तेवढे हाती आहेत.

पोलादपूरहून कापड्यावरून आत गेलं की उमरठ लागतं. चहूबाजूंनी सह्याद्रीच्या सोंडा, मधे भाताची खाचरं. इथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, पुतळा आहे, आणि शेलारमामांचीही समाधी आहे. १६७० च्या माघ वद्य नवमीला कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर, तानाजी पडले, मग त्यांचा देह मढे घाटाने खाली कोकणात उतरवून इथे आणला, असं इथली माणसं सांगतात. सांगताना हात वर करून घाटाची दिशाही दाखवतात. मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचं आवतण घेऊन तानाजी राजगडाकडे गेले ते इथूनच, असंही सांगतात. उमरठ आमच्या महाडला लागून असलेल्या पोलादपुरात, त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकातली न वाटता शेजारच्या घरातली वाटते.

हा उमरठचा माणूस पडद्यावर आला तो १९२३ साली, कोल्हापुरात. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ काढला. कथा हरी नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून घेतलेली. (याच पेंटरांनी दोन वर्षांनी ‘सावकारी पाश’ काढला, तो नारायण हरी आपट्यांच्या कथेवर. नाव उलटं केलं की दुसरा लेखक मिळावा, ही सोय मराठीतच.) तानाजी झाले बाळासाहेब यादव. ऐंशी वर्षांचे शेलारमामा झाले व्ही. शांताराम, आणि त्यांचं वय तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस. पोवाड्यात जो म्हातारा किल्लेदार उदेभानाला लोळवतो, तो पडद्यावर मिसरूड फुटलेल्या पोराने दाढी लावून उभा केला होता. उमरठच्या समाधीसमोर उभं राहिलं की मला हटकून ते पोर आठवतं, आणि शेलारमामांना याचा राग आला नसता असंही वाटतं.

त्या कंपनीची हकिगत म्हणजे किस्स्यांची खाण. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. परदेशी कॅमेरा विकत घेणं झेपेना, तेव्हा यंत्रं खोलून, समजून घेऊन, कोल्हापुरातच कॅमेरा घडवायचा असा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामले या साहाय्यकाला हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. भांडवलाला पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. मराठी चित्रपटाच्या पायाशी एका गाणाऱ्या बाईचा पैसा आहे, हे आपण फारसं बोलत नाही. कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहिला, पदक दिलं, आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. त्यात भीम कीचकाचं मुंडकं पिरगाळून तोडतो तो प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता, की प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या आणि पुढे तो कापावा लागला. कीचकाचं काम करणारे झुंझारराव पवार जिवंत आहेत की नाहीत अशी शंका सरकारी मंडळींनी घेतली आणि झुंझाररावांना स्वतः पुढे येऊन उभं राहावं लागलं, असं सांगतात. ‘असं सांगतात’ हे दोन शब्द इथून पुढे वरचेवर येतील. त्यांना इलाज नाही, आणि मला ते खटकतही नाहीत.

‘सिंहगड’चा सगळ्यांत महत्त्वाचा किस्सा उजेडाचा आहे. त्या काळी चित्रण व्हायचं ते उन्हात. घराच्या आतला प्रसंगसुद्धा छप्पर नसलेल्या देखाव्यात, वर पांढरं कापड ताणून घ्यायचे. पण कोंढाणा दिवसाउजेडी कसा घेणार? वद्य नवमीचा चंद्र उगवतो मध्यरात्र उलटता उलटता. मावळ्यांनी कडा चढायला तो काळोख निवडलेला. गोष्टीचा जीवच अंधारात होता. तेव्हा बाबूरावांनी रात्रीच्या लढाईसाठी विजेचे दिवे लावले. आपल्याकडे कृत्रिम उजेडात चित्रण करण्याचा हा पहिला प्रयत्न मानतात. माझं आपलं असं मत, की याचं निम्मं श्रेय तिथीला द्यावं. तानाजींनी भरदुपारी हल्ला केला असता तर कोल्हापुरात दिवे लागायला आणखी काही वर्षं गेली असती.

शिवाजी महाराजांची भूमिका बाबूरावांनी स्वतःच केली आणि चित्रणात ते घोड्यावरून पडून जायबंदी झाले, असं सांगतात. चित्रपटाला एवढी गर्दी लोटली की ती पाहूनच सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असंही सांगतात. मुंबई इलाख्यात तो कर याच सुमाराला आला खरा. पण सरकारला कर सुचायला चित्रपटाची गरज असते यावर माझा विश्वास नाही. तरी किस्सा सुंदर आहे. कोंढाण्यावर लढलेल्या माणसाने अडीचशे वर्षांनी इंग्रजांच्या तिजोरीत भर घातली, असा त्याचा अर्थ होतो, आणि तो उमरठला सांगितला तर तिथला म्हातारा पहिल्यांदा हसेल आणि मग चिडेल.

एवढं सगळं सांगता येतं. चित्रपट मात्र दाखवता येत नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही. मूकपटाची फिल्म नायट्रेटची असायची. ती भडकून पेटते, आणि पेटली नाही तर कुजते, चिकटते, भुगा होते. शिवाय तिच्यात चांदी. खेळ संपले, बोलपट आले, की जुनी रिळं चांदी काढायला विकायची, हा रिवाज होता. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले आज बघायला मिळतात ते दोन-तीन डझन, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांत. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. पी. के. नायर यांनी जिथे-तिथे हिंडून जमवलं ते वाचलं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारांपैकी पहिली आणि शेवटची रिळं आहेत, पण ती १९१३ सालची की १९१७ च्या सुमारास पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर जाणकार अजून भांडतात.

म्हणजे उरलं काय, तर किस्से. आणि इथे मला तुळशीदास शाहीर आठवतो. तानाजींचा पोवाडा त्याने रचला. लढाई संपली होती, साक्षीदार पांगले होते, आणि शाहिराच्या हाती होतं ते ऐकलेलं. त्यातून त्याने यशवंती घोरपड उभी केली, शेलारमामा उभे केले, रायबाचं लग्न उभं केलं. इतिहासाचे अभ्यासक घोरपडीला नाही म्हणतात. कडा दोरांवर चढले, असं त्यांचं म्हणणं. असेल. पण घोरपडीवाचून तानाजी सांगून पाहा, पोरं ऐकत नाहीत. कोल्हापूरकरांच्या घोड्यावरून पडण्याचे, कापलेल्या मुंडक्याचे किस्से त्याच जातीचे आहेत. चित्रपटावर अभ्यास करणारी माणसं या किस्स्यांकडे नाक मुरडून बघतात. मला हे किस्से म्हणजे त्या चित्रपटांची बखर वाटते. बखरीत तारखा चुकतात, आकडे फुगतात, पण लोकांना कशाचं अप्रूप वाटलं होतं ते मात्र चुकत नाही.

फाळक्यांच्या बखरीत तर मिशांचं एक प्रकरणच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये काम करायला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला साळुंके तारामती झाला. बाकीच्या स्त्री भूमिकाही पुरुषांनीच करायच्या होत्या, पण ही मंडळी मिशा उतरवायला तयार होईनात. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही, अशी रीत. फाळक्यांनी वाडवडलांची समजूत कशी घातली असेल, याची एक वेगळी फिल्म व्हायला हवी होती. नाटकवाल्यांनाही लोक नाकं मुरडायचे, मग हे तर त्याहून नवं. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगायचे, कुणी विचारलंच तर ‘कारखान्यात आहे’ म्हणा. घरात सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या. हरिश्चंद्राने राज्य दिलं, फाळक्यांनी विम्याचे कागद गहाण टाकले, आणि बाईंनी दागिने दिले. यातल्या तिसऱ्या दानाचं आख्यान कोणी लावत नाही.

मिशीचं दुखणं पुढेही चालू राहिलं. जब्बार पटेलांनी बाबासाहेब आंबेडकरांवरचा चित्रपट करायला घेतला, मामुट्टींना गाठलं, तर मामुट्टी मिशी काढायला नाखूश. ती अखेर निघाली, आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात चवदार तळं आहे. चवदार तळं आमच्या महाडात आहे. तिथे मी पुन्हा येतो.

पहिल्या खेळांचं बोलायचं तर ‘राजा हरिश्चंद्र’ आधी २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निवडक मंडळींना दाखवला गेला आणि ३ मेपासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला. कार्यक्रमात हरिश्चंद्राच्या जोडीला एका मडमेचा नाच होता, विनोदी नकला होत्या आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटूही होता. सत्त्वपरीक्षेच्या आधी पायांची कसरत! सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला जमेना तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, चित्राची लांबी दोन मैल, आणि दाम फक्त तीन आणे. लांबीवर कापड विकण्याच्या या युक्तीला गर्दी लोटली. ‘आलम आरा’ या बोलपटाचा पहिला खेळ १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये झाला तेव्हा पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं. स्टुडिओशेजारून आगगाड्या धडधडत जायच्या, म्हणून त्याचं चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर व्हायचं. नायक मास्टर विठ्ठल कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून पुढे आलेला. जुन्या कंपनीने त्याला करारावरून कोर्टात खेचलं तेव्हा त्याची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी. कोल्हापूरच्या कंपनीत तयार झालेल्या गड्याचा वकील जिना, हे चाकरमान्याने सांगितलं असतं तर ओटीवर कुणी मान्य केलं नसतं.

सातासमुद्रापलीकडेही कथा याच चालीवर आहेत. लॉस एंजेलिसच्या हॉलिवूडमध्ये पहिल्या खेळाचा थाटमाट सुरू केला तो सिड ग्राउमन या थिएटरवाल्याने. त्याचं इजिप्शियन थिएटर १८ ऑक्टोबर १९२२ ला डग्लस फेअरबँक्सच्या ‘रॉबिन हूड’ने उघडलं, लाल गालिच्यावरून तारे-तारका चालत जायच्या प्रथेचा उगम तिथे सांगतात. गंमत म्हणजे तुतनखामेनची कबर सापडली त्यानंतर, नोव्हेंबरात. म्हणजे साऱ्या जगाला इजिप्तचं वेड लागण्याच्या आधीच ग्राउमनने ते विटांत बांधून ठेवलं होतं. पुढे १८ मे १९२७ ला त्याने चिनी धाटणीचं थिएटर उघडलं, सेसिल डमिल यांच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ने. तिथल्या अंगणात नटनट्यांच्या हातापायांचे ठसे आहेत. नॉर्मा टालमाज चुकून ओल्या सिमेंटवरून चालत गेली आणि प्रथा पडली, असं एक सांगणं. दुसऱ्या सांगण्यात पाय ग्राउमनचाच होता. त्यांच्याकडेही यशवंती घोरपडी आहेत तर. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये ‘द जाझ सिंगर’ लागला, पडदा बोलू लागला. पण ज्याने त्यासाठी हट्ट धरला होता तो सॅम वॉर्नर आदल्या दिवशी वारला होता. भाऊ अंत्यविधीला निघून गेले. त्या रात्रीचा जल्लोष घरच्यांतल्या कुणी पाहिलाच नाही.

१९२७ म्हटलं की महाडच्या माणसाला मात्र दुसरंच काही आठवतं. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. हा प्रसंग पुतळ्यांत आहे, चित्रांत आहे, चित्रपटात आहे. पडद्यामागचा एक तपशील त्यामानाने कमी माणसांना ठाऊक असतो. परिषदेला जमलेल्या लोकांना गावात पाणी मिळणार नव्हतं, म्हणून आयोजकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घेऊन ठेवलं होतं. चारी अंगांनी डोंगर, सावित्री आणि गांधारी अशा दोन नद्या, मधे भरलेलं तळं, आणि पाणी विकत! कायदा तर आधीच बदलला होता. सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला तो १९२३ साली, म्हणजे ‘सिंहगड’च्याच वर्षी, आणि पाठोपाठ महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब बोटीने येऊन दासगावला उतरले. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. चाळीस रुपयांचं पाणी आणि फत्तेखानांची जागा, हे दोन्ही पहिल्या रांगेत कधी बसले नाहीत.

म्हणून ‘गॉन विथ द विंड’चे किस्से वाचताना माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी जातं. त्यातली अटलांटा शहराची आग म्हणजे स्टुडिओतले जुने देखावे पेटवून घेतलेला प्रसंग, ‘किंग काँग’चे आणि ‘किंग ऑफ किंग्ज’चे देखावे त्यात जळाले, नायिका शोधायला दोन वर्षं लागली, हे सगळे मोठ्या हौसेने सांगतात. १५ डिसेंबर १९३९ ला अटलांटात पहिला खेळ झाला, शहर रस्त्यावर उतरलं. पण चित्रपटात मॅमीची भूमिका करणारी हॅटी मॅकडॅनियल तिथे नव्हती. जॉर्जियात काळ्यांनी गोऱ्यांच्या शेजारी बसायचं नव्हतं. आदल्या रात्रीच्या मेजवानीत काळ्यांच्या एका गायकवृंदाने गुलामांच्या पोशाखात गाणी म्हटली; त्यात दहा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग होता. अडीच महिन्यांनी हॅटीला ऑस्कर मिळालं, तेव्हाही तिला बसवलं होतं ते कडेच्या वेगळ्या टेबलावर. ही गोष्ट महाडात सांगताना फारसं समजावून द्यावं लागत नाही.

उमरठला माघ वद्य नवमीला माणसं जमतात. मागे एकदा मी तिथे बसलो होतो. ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट जानेवारी २०२० मध्ये येऊन गेला होता, आणि गावात सगळ्यांनी तो पाहिला होता, बहुतेकांनी मोबाइलवर. शांतारामांची दाढी आणि बाबूरावांचे दिवे मी सांगायला घेतले. ऐकलं सगळ्यांनी, पण फार रमले असं नाही. मग पाचवी-सहावीतल्या एका पोराने तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, “आबा, ती नागीण तोफ गडावं कुठं हाय?”

“कसली नागीण?”

“उदेभानाची. हत्तीएवढी. पिच्चरमधे हाय.”

“आरं पिच्चरवाल्यांनी घातली आसंल. आमच्या आज्यानं कधी सांगितली नाय.”

“मंग तुमच्या आज्यानं घोरपड सांगितली ती?”

आबा क्षणभर थांबले. बाकीचे हसले. “घोरपड व्हती,” आबा म्हणाले, “घोरपड आपल्याकडची. तोफ ह्या लोकांची.” पोराचं समाधान झालं नाही. त्याने खिशातून कुणाचा तरी मोबाइल काढला आणि पुरावा शोधू लागला. आणखी काही वर्षांनी नवमीच्या पोवाड्यात तोफ ऐकू आली तर मला नवल वाटणार नाही. तुळशीदासाला तर मुळीच वाटलं नसतं.